लांबचं शिफ्टिंग: सामान कसं पाठवलं आणि गाड्या कशा नेल्या

लांब शिफ्ट होतोय असं सांगितलं की प्रत्येकजण दोनच गोष्टी विचारतो, कंपनी कुठली घेतली आणि किती घेणार आहेत. आता सगळं पार पडल्यावर माझं म्हणणं असं आहे की हे प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचे आहेत. पहिला प्रश्न हा की सामान आपल्या दारातून निघालं की नव्या दारात पोचेपर्यंत वाटेत किती वेळा खाली उतरणार आणि किती वेगवेगळ्या लोकांच्या हातात जाणार. भाव, वेळ, मोडतोड, इन्शुरन्स, नंतरची भांडणं, सगळं यावरूनच ठरत जातं. गाडीचंही तेच, फक्त तिथे विचारायचं की आपल्या सोडून ती अजून कोण कोण चालवणार.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते. नवऱ्याची बदली, दोन बेडरूमचं गच्च भरलेलं घर, सोबत सासरे, दोन गाड्या (एक बऱ्यापैकी नवी ऑटोमॅटिक, एक जुनी मॅन्युअल हॅचबॅक), अंतर दीड-एक हजार किलोमीटर, सगळा रस्ता जमिनीवरचा. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे नवं घर कधी ताब्यात मिळणार ते नक्की नव्हतं. ही शेवटची गोष्ट लोक हिशोबात धरत नाहीत पण आमच्याकडे निर्णय तिनेच फिरवला, ते पुढे येईलच.

आधी मोजमाप. फोनवर कोटेशन मागितलं की समोरचा विचारतो किती खोल्या आहेत आणि लगेच आकडा सांगून मोकळा. खोल्यांवरून काय कळणार, एखाद्याच्या दोन खोल्यांत पलंग आणि कपाट असतं आणि एखाद्याकडे भिंतभर पुस्तकं. मी टेप घेऊन बसले आणि प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची वहीत लिहून काढली. एक गंमत कळली की घरसामान एकूण हलकं असतं. मूव्हिंगवाले अंदाजाला घनफुटाला सात पौंड धरतात, म्हणजे घनमीटरला साधारण ११० किलो. त्यामुळे ट्रक वजनाने नाही तर जागेने भरतो आणि आपण पैसे भरतो ते मुख्यतः जागेचे. आमचा सोफा दोन मीटर लांब, ९० सेंटीमीटर खोल, ८५ सेंटीमीटर उंच, म्हणजे दीड घनमीटर. पुस्तकांचं छोटं कार्टन दीड घनफुटाचं असतं, तशी ३५ कार्टन या एका सोफ्याच्या जागेत बसतात. नवरा पुस्तकं कमी कर म्हणून मागे लागला होता, मी त्याला हा हिशोब दाखवला आणि सोफा विकला.

मग याच नजरेने सगळं घर बघितलं. जागा खाणाऱ्या पण परत घेता येण्यासारख्या वस्तू आधी काढल्या. भुशाच्या बोर्डाची दोन कपाटं होती, तीही गेली, कारण असला बोर्ड एकदा खोलून परत जोडला की स्क्रूची भोकं सैल होतात आणि कपाट पुढे कायम हलतं, म्हणजे न्यायचे पैसे देऊन खुळखुळा न्यायचा. भरीव लाकडाचा पलंग मात्र ठेवला. सासऱ्यांचं जुनं टेबल ठेवायचं की नाही यावर घरात बराच वाद झाला. बाबा म्हणाले, "मी येतो तर टेबल येतं." विषय संपला.

आता पर्याय. पहिला फुल ट्रक, म्हणजे अख्खा ट्रक आपला, दारात भरला, दारात उतरवला, मधे कुणी हात लावत नाही. सगळ्यात सरळ आणि अर्थातच महाग, कारण ट्रक अर्धा रिकामा गेला तरी आणि परतीला मोकळा आला तरी ते आपल्याच बिलात येतं. दुसरा पार्ट लोड, दोन-तीन घरांचं सामान एका मोठ्या ट्रकमध्ये. हा स्वस्त पडतो आणि बहुतेक लोक हाच घेतात, यात वाईट काही नाही, पण तो होतो कसा ते समजून घ्यायला पाहिजे. छोटा टेम्पो आपल्या घरून सामान उचलतो, ते गोडाऊनला उतरतं, त्या दिशेचं पुरेसं सामान जमेपर्यंत तिथे थांबतं, मग मोठ्या ट्रकमध्ये चढतं, पलीकडे दुसऱ्या गोडाऊनला उतरतं, परत छोट्या टेम्पोत चढतं आणि मग आपल्या घरी. मोजा. दारातलं चढवणं-उतरवणं सोडून मधे चार वेळा हाताळणी. प्रत्येक वेळी वेगळी माणसं, वेगळी घाई, आणि कार्टनवर तुम्ही मोठ्या अक्षरात 'काच' लिहिलेलं असलं तरी ते वाचायला त्यांना वेळ असतोच असं नाही. माझ्या मावसबहिणीकडे असंच पार्ट लोडने सामान आलं तेव्हा दुसऱ्या कुणाचे तरी दोन खोके आले आणि हिचा एक गेला तो गेलाच.

म्हणून पार्ट लोडवाल्याला मी एकच प्रश्न विचारायचे, मधे गोडाऊनला उतरतं का? यावरची उत्तरं ऐकण्यासारखी होती. एकजण म्हणाला, "नाही मॅडम, डायरेक्ट." मग ट्रक कुठल्या साइजचा येणार विचारलं तर इतका छोटा सांगितला की तो एवढ्या लांब जाणारच नाही हे मलाही कळत होतं. दुसऱ्याने सरळ सांगितलं की हो, दोन वेळा गोडाऊनला उतरणार, पण मी लाकडी पेट्यांत भरून देतो, पेटी फोर्कलिफ्टने उचलली जाते, आतल्या सामानाला कुणी हात लावत नाही. हा माणूस मला आवडला. पार्ट लोडमध्ये जायचंच असेल तर अशा बंद पेट्यांचं विचारा, थोडे जास्त घेतील पण हाताळणी पेटीची होते, आपल्या मिक्सरची नाही.

तिसरा पर्याय कंटेनर. दारात रिकामा कंटेनर आणून ठेवतात, भरायला ठरावीक वेळ देतात, आपण भरायचा किंवा माणसं लावून भरून घ्यायचा, बाहेरून सील लागतं आणि ते सील पलीकडे आपल्या दारातच तुटतं. वीस फुटी कंटेनरची आतली जागा कागदावर ३३ घनमीटर असते, पण घरसामान काही विटांसारखं चौकोनी नसतं त्यामुळे प्रत्यक्षात २५ ते २८ घनमीटर धरून चालायचं. आमचं सगळं काढून-टाकून २२-२३ वर आलं होतं, म्हणजे बसत होतं.

चौथा, ट्रक भाड्याने घेऊन आपणच चालवायचा. नवऱ्याला दोन दिवस हे फार भारी वाटत होतं, वर ट्रकच्या मागे दोन चाकी डॉली लावून गाडी ओढत नेऊ असंही डोक्यात होतं. ते मी वाचून काढलं. डॉलीवर फक्त पुढची चाकं उचललेली असतात, मागची रस्त्यावर फिरतात, म्हणजे पुढच्या चाकांना पॉवर जाणारी गाडी चालते, मागच्या चाकांना जाणारी असेल तर ड्राइव्ह शाफ्ट (चाकांकडे पॉवर नेणारा दांडा) सोडवायला लागतो, आणि चारही चाकांना जाणारी असेल तर डॉली नकोच, पूर्ण ट्रेलरच पाहिजे. आणि डॉली लावून ट्रक रिव्हर्स घेणं हे नवशिक्याचं काम नाही, म्हणजे अख्ख्या रस्त्यात मागे न यावं लागेल अशाच जागी थांबायचं. एवढं वाचल्यावर त्याचा उत्साह आपोआप कमी झाला. रेल्वेचाही विचार केला होता, पण रेल्वे दारातून दारात नसते, दोन्ही टोकांना टेम्पो आणि हमाल आलेच, आणि डबे जोडताना-तोडताना जे दणके बसतात त्याला साजेसं पॅकिंग करायला हवं. एखाद-दुसऱ्या दुचाकीला किंवा दहा-बारा खोक्यांना रेल्वे छान, अख्ख्या घराला माझं मन होईना.

आता ती घराच्या ताब्याची तारीख. फुल ट्रक वाटेत किंवा पलीकडे उभा राहिला की थांबण्याचे पैसे दिवसावर लागतात, म्हणजे घर उशिरा मिळालं तर सामान गोडाऊनला उतरवायचंच, म्हणजे फुल ट्रकचा जो एकमेव मोठा फायदा, मधे हात न लागणं, तोच गेला. कंटेनर मात्र सीलसकट त्यांच्या यार्डात ठेवता येतो, भाडं लागतं पण उघडावा लागत नाही. इथे आमचं ठरलं. घराची तारीख पक्की असती तर मी फुल ट्रकच घेतला असता हेही सांगून ठेवते, उगाच कुणी वाचून कंटेनरच्या मागे लागू नका. शिवाय गल्ली अरुंद असेल, दारात कंटेनर ठेवायला जागा किंवा परवानगी नसेल, किंवा तुम्ही आठव्या मजल्यावर असाल आणि भरायची वेळ तोकडी असेल तर कंटेनर हा डोक्याला ताप आहे.

कोटेशनबद्दल. घरी येऊन किंवा निदान व्हिडिओवर सगळी कपाटं उघडून बघितल्याशिवाय दिलेला भाव मी धरलाच नाही. जो सगळ्यात कमी सांगत होता तो बाकीच्यांच्या जवळजवळ निम्म्यावर होता, आणि असा भाव दिसला की मला आनंद होण्याऐवजी भीती वाटायला लागली होती, कारण ही युक्ती सगळीकडे सारखीच चालते, सामान चढेपर्यंत एक भाव आणि चढल्यावर "सामान जास्त निघालं" म्हणून दुसरा, आणि पैसे दिल्याशिवाय ट्रकचं दार उघडत नाही. तेव्हा भाव अंदाजे आहे की पक्का हे लेखी पाहिजे, आणि पक्का असेल तर तो कुठल्या यादीवर पक्का आहे ती यादी सोबत जोडलेली पाहिजे. मी माझी टेपवाली वही टाइप करून सगळ्यांना एकच यादी पाठवली, त्यामुळे निदान भाव एकाच सामानाचे आले. तरी ते सरळ तुलना करण्यासारखे नव्हतेच, कुणी पॅकिंगचं मटेरियल धरलेलं, कुणी नाही, कुणी जिन्याचे वेगळे, कुणी ट्रक दारापासून लांब उभा राहिला तर त्या चालण्याचे वेगळे, कुणी पलंग खोलून जोडायचे वेगळे. हे सगळं एका कागदावर मांडलं तेव्हा दुसऱ्या नंबरचा स्वस्त माणूस चौथ्या नंबरवर गेला.

अजून एक बघायचं ते म्हणजे आपण बोलतोय तो माणूस ट्रकवाला आहे की दलाल. दलाल असणं वाईट नाही, चांगला दलाल गाडी पटकन मिळवून देतो, पण काही बिघडलं की तो म्हणतो ट्रान्सपोर्टरला विचारा आणि ट्रान्सपोर्टर म्हणतो तुमचा करार माझ्याशी नाहीच. म्हणून करारावर नाव कुणाचं, बिल्टी (सामान वाहतुकीची पावती) कुणाच्या नावाची आणि ट्रक कुणाचा ही तीन उत्तरं मागायची. तिघं वेगळे निघाले तर नुकसानीची जबाबदारी कुणाची ते लिहून घ्यायचं, नाहीतर त्याला सोडून दुसरा बघायचा.

इन्शुरन्सवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. बहुतेक जण कोटेशनमध्ये "इन्शुरन्स इन्क्लुडेड" असं लिहितात आणि त्याचा अर्थ काहीही असू शकतो. कितीतरी ठिकाणी ती फक्त वाहतूकदाराची किमान जबाबदारी असते, किलोमागे ठरावीक रक्कम, म्हणजे दोन किलोचा लॅपटॉप फुटला काय आणि दोन किलोचं डंबेल हरवलं काय, भरपाई सारखीच. दुसरा प्रकार फक्त मोठ्या अपघाताचा, ट्रक उलटला, जळला, बुडाला तरच पैसे, एक कपाट फुटलं तर काही नाही. तिसरा ऑल रिस्क, म्हणजे एकेका वस्तूच्या मोडतोडीचेही पैसे देणारा, तो आपल्याला हवा असतो, पण त्यातही वाचायच्या गोष्टी आहेत. एक म्हणजे किंमत कमी सांगून प्रीमियम वाचवायला जाऊ नका. सामान जेवढ्याचं आहे त्याच्या निम्म्याचाच विमा काढला असेल तर बऱ्याच पॉलिसींमध्ये छोट्या नुकसानीचेही निम्मेच पैसे मिळतात. दुसरं, सेटचं कलम. सहा खुर्च्यांतली एक मोडली तर पैसे एकाच खुर्चीचे, तशी खुर्ची आता मिळत नाही हा तुमचा प्रॉब्लेम. तिसरं आणि सगळ्यात कामाचं, आपण स्वतः भरलेले खोके. त्यांच्या यादीत त्यापुढे पीबीओ अशी खूण करतात, म्हणजे मालकाने पॅक केलेला, आणि त्यातली वस्तू आत फुटली तर बहुतेक वेळा क्लेम मिळत नाही कारण आत काय होतं आणि कसं ठेवलं होतं हे त्यांना माहीत नाही. आम्ही त्यावरून वाटणी केली, कपडे, पुस्तकं, अंथरूण-पांघरूण आम्ही भरलं आणि फुटणारं सगळं त्यांच्याकडून भरून घेतलं. अपवाद एका दिव्याचा, तो त्यांच्या माणसांच्या हातात द्यायला माझं मन होईना म्हणून मीच भरला, क्लेम मिळणार नाही हे माहीत असून.

ज्यांचं सामान समुद्रमार्गे जाणार आहे त्यांनी विम्याच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट विचारात घ्या. २३ मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन नावाचं कंटेनर जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं ते आठवत असेल, सहा दिवसांनी सुटलं. पण नंतर जहाजाच्या मालकाने 'जनरल अ‍ॅव्हरेज' जाहीर केलं, हा सागरी व्यवहाराचा फार जुना नियम, जहाज वाचवायला जो खर्च आला तो जहाजाचा मालक आणि जहाजात माल असलेले सगळे यांनी आपापल्या जहाज-मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. म्हणजे तुमच्या खोक्याला ओरखडाही नाही आला तरी हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते, नसेल तर स्वतःच्या खिशातून. आमचा प्रवास रस्त्याचा असल्याने हे आम्हाला लागू नव्हतं, पण मैत्रिणीने परदेशी जाताना "जहाज कुठे बुडतंय" म्हणून विमा टाळला होता, तिला मी हे ऐकवलं आणि तिने काढला.

पॅकिंगवर फार लिहीत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. तीनच गोष्टी, कारण त्या कुणी सांगत नाही. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा ड्रम नवीन आणताना मागून लांब बोल्ट लावून जखडलेला असतो, ते बोल्ट बसवायच्या वेळी काढून देतात, ते जपून ठेवलेले असतील तर शिफ्टिंगला परत लावायचे, नाहीतर रस्ताभर ड्रम आपटत जातो. आमचे ड्रॉवरमध्ये पिशवीत होते कारण बाबा काहीही टाकत नाहीत, त्यांच्या या सवयीला मी आयुष्यात पहिल्यांदा नावं ठेवली नाहीत. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करायचा, उभाच न्यायचा आणि आडवा करावाच लागला तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरायला वेळ लागतो. आणि गॅसच्या टाक्या, रंग, थिनर, स्प्रेचे डबे, सुट्या लिथियम बॅटऱ्या, पॉवर बँक यातलं काही सामानात घालायचं नाही, त्यांच्या न नेण्याच्या यादीत हे असतंच आणि त्यातून आग लागली तर विमाही हात वर करतो.

कंटेनर भरताना मी शेवटपर्यंत तिथे उभी होते. जड वस्तू खाली आणि एका टोकाला न साचवता पसरून, वर हलकं, मधल्या फटीत गाद्या-उशा, आणि दर काही फुटांवर भिंतीच्या कड्यांना पट्टे, कारण ब्रेक लागला की सगळं पुढे सरकतं. बंद लोखंडी पेटीत दिवसा गरम आणि रात्री गार होत राहिलं की हवेतली वाफ छतावर जमून थेंब थेंब खाली पडते, म्हणून ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या आणि गाद्यांना प्लास्टिकची कव्हरं घातली. ओलसर पायपुसणी, नुकत्याच पाणी घातलेल्या कुंड्या, असलं काही आत जाऊ दिलं नाही. मग इन्व्हेंटरी. त्यांचा माणूस प्रत्येक वस्तूपुढे आधीपासून असलेलं नुकसान लिहीत जातो, ओरखडा, पोचा, टवका, वगैरे. याने सरसकट सगळ्यापुढे "ओरखडे, पोचे" लिहून टाकलं होतं, अगदी महिनाभरापूर्वी आणलेल्या टीव्हीपुढेही. मी म्हटलं, "दादा, टीव्हीवर ओरखडा कुठे आहे तो दाखवा." तो हसला, खोडलं. मग सगळी यादी वस्तूगणिक बरोबर करून घेतली, त्याला कंटाळा आला, मला आला नाही. सही त्यानंतर. सीलचा नंबर कागदावर आणि फोनमध्ये फोटोत.

गाड्यांचं आता. जुनी हॅचबॅक विकून तिकडे दुसरी घ्यावी असा पहिला विचार होता, पण जुन्या गाडीला मिळणारी किंमत आणि तेवढ्याच किमतीत तिकडे मिळणारी अनोळखी गाडी यात मला ओळखीचीच बरी वाटली, तिला काय झालंय काय नाही ते आपल्याला माहीत आहे. आणि आम्हा तिघांना जायचं तर होतंच, पहिल्या काही दिवसांचं सामानही सोबत हवं होतं. चालवत न्यायचा खर्च म्हणजे पेट्रोल, टोल, मुक्काम आणि गाडीची झीज, पण त्यातून माणसांची तिकिटं वजा करा, मग आकडा वेगळाच दिसतो. नवरा आणि मी आलटून पालटून, रात्रीचं चालवायचं नाही या अटीवर. निघायच्या आधी सर्व्हिसिंग, आणि दाराच्या चौकटीवर जे स्टिकर असतं त्यावर भरलेल्या गाडीसाठी टायरची हवा वेगळी दिलेली असते ती भरून घेतली. त्यावरचं वजनही वाचलं आणि दोन बॅगा परत कंटेनरमध्ये टाकल्या.

दोन्ही गाड्या चालवत न्यायच्या तर एकेकाने दीड हजार किलोमीटर एकट्याने चालवायचं, ते नको होतं. म्हणून नवी गाडी कॅरियरने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रेलरने. ड्रायव्हर ठेवून पाठवण्याचा पर्यायही होता, स्वस्त पडतो, पण त्यात अनोळखी माणूस आपली गाडी अख्खा रस्ता चालवणार, वाटेत काही झालं तर आपल्याच विम्यावर येणार. नको म्हटलं.

कॅरियरमध्ये उघडा आणि बंद असे दोन प्रकार. उघड्यावर आठ-दहा गाड्या दोन मजल्यांवर जातात, धूळ, पाऊस, कधी एखादा उडालेला खडा, पण शोरूमला नव्या गाड्या याच ट्रेलरवरून येतात हे आपण विसरतो. बंद ट्रेलर बराच महाग, विंटेज किंवा फार महागडी गाडी असेल तर घ्यावा. उघड्यावर वरचा मजला मिळाला तर बघा, खालच्या मजल्यावर वरच्या गाडीचं तेल-पाणी ठिबकण्याची शक्यता असते. आम्ही मागितला, मिळाला. पण खरा प्रश्न परत तोच, मधे कोण हात लावणार. एवढा मोठा ट्रेलर गल्लीत येतच नाही, तरीही "डोअर टू डोअर" म्हणतात, म्हणजे त्यांचा माणूस आपली गाडी घरून चालवत यार्डापर्यंत नेतो आणि पलीकडे यार्डातून घरी. मी घरपोच घेतलंच नाही. नवऱ्याने स्वतः यार्डात नेऊन दिली आणि पलीकडे स्वतः आणली, तेवढे पैसेही कमी झाले आणि ओडोमीटरचा आकडा लिहून घेतल्याने मधे कुणी फिरवली नाही हेही कळलं.

देताना गाडी धुवून दिली, कारण मळक्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत आणि मग आधी होते की नव्हते यावर काथ्याकूट. चारही बाजू, छत, बंपरचे खालचे कोपरे, रिम, काच, ओडोमीटर, सगळ्याचे फोटो. टाकी साधारण पाव भरलेली, तेवढी चढवायला-उतरवायला पुरते. टोलचा टॅग काढून ठेवला, नाहीतर ट्रेलरवर बसून गाडी स्वतःचाही टोल कापून घेऊ शकते. डॅशकॅम पार्किंग मोडवर राहून बॅटरी संपवतो म्हणून त्याची वायर काढली, ऑटोमॅटिक गाडीची बॅटरी मेली की तिला धक्का मारून चालू करता येत नाही आणि गिअर पार्कमधून काढायलाही खटपट. बॅटरीचं टर्मिनल काढलं नाही कारण ट्रेलरवर चढवताना स्टार्ट करावीच लागते. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्ज किती ठेवायचा ते कॅरियरला आधी विचारा, साधारण निम्म्यावर ठेवायला सांगतात. गाडीत सामान भरून पाठवायचा मोह सगळ्यांना होतो, डिकी रिकामी दिसते ना, पण गाडीच्या वाहतुकीचा विमा त्या सामानाला लागू नसतो. बांधायची पद्धत मी विचारली होती, चाकांवरून जाणारे पट्टे आहेत की सस्पेन्शनला अडकवायचे हूक, चाकांचे पट्टे बरे, गाडी स्प्रिंगवर हलली तरी बॉडी ओढली जात नाही.

आणि विमा इथेही वेगळा बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये फेलिसिटी एस नावाच्या गाड्या वाहणाऱ्या जहाजाला अटलांटिकमध्ये आग लागली आणि १ मार्चला ते जवळपास चार हजार गाड्यांसकट बुडालं. रस्त्यावरच्या ट्रेलरचं एवढं मोठं काही होत नाही, पण गाडी दुसऱ्याच्या वाहनावर असताना आपली नेहमीची मोटार पॉलिसी काय देते आणि काय देत नाही ते पॉलिसीवाल्याला लेखी विचारलं. उत्तर यायला वेळ लागला, आलं तेव्हा कळलं की चढवताना-उतरवतानाचं नुकसान त्यात नाही, म्हणून कॅरियरकडचा ट्रान्झिट विमा वेगळा घेतला.

पलीकडचं सांगायचं तर घर उशिरा मिळालंच, कंटेनर यार्डात थांबला, आम्ही भाड्याच्या खोलीत. सील नंबर जुळवून आमच्यासमोर तोडलं. उतरवताना मी दारात यादी घेऊन, नंबर पुकारायचे आणि टिक करायचे. पलंगाच्या एका पट्टीला चीर होती आणि सासऱ्यांच्या टेबलाचा कोपरा उडाला होता, दोन्ही त्यांच्या पावतीवर सही करण्याआधी लिहिलं, "तपासून घेतलं नाही" असलं मोघम नाही तर कुठल्या वस्तूला कुठे काय झालंय ते. खोके उघडल्यावर जे नंतर सापडतं त्यासाठी कळवायची मुदत करारात दिलेली असते, ती बघून आम्ही फुटणारे खोके आधी उघडले. माझा दिवा फुटला होता. क्लेम केलाच नाही, पीबीओ. टेबलाचे आणि पट्टीचे दुरुस्तीचे पैसे मिळाले, फोटो आणि सही असलेला कागद असल्यामुळे फार वाद झाला नाही.

गाडीच्या मागच्या बंपरला खालच्या कोपऱ्यात एक ओरखडा निघाला. यार्डातला माणूस म्हणाला, "हा आधीचाच असणार." नवऱ्याने फोनमधला देतानाचा फोटो दाखवला, तारीख-वेळेसकट. थोडं इकडे तिकडे झालं, शेवटी पावतीवर लिहून दिलं आणि रंगाचे पैसे ट्रान्झिट विम्यातून मिळाले. नवरा अजून म्हणतो बंद ट्रेलर घ्यायला हवा होता. मला पटत नाही, त्या फरकाच्या पैशांत दोन्ही बंपर नवे बसवून झाले असते.